चार मिनिटं सलग

बेबीचं गाणं होतं चार मिनिटांचं, आणि ते गायला तिला सात महिने लागले. ऐकणाऱ्याला वाटेल, बाई आळशी असणार. आळशी ती मुळीच नव्हती. तसं कोणी म्हणत असेल तर त्याने आठ दिवस तिच्या घरी राहून दाखवावं, तिसऱ्या दिवशी पिशवी भरून निघाला नाही तर विचारा. सात महिने लागले कारण त्या घरात सलग चार मिनिटं मिळतच नव्हती.

बेबी हे काही खरं नाव नव्हे. खरं नाव कागदपत्रांवर होतं आणि तिथेच राहिलं. वय त्रेचाळीस, चष्म्याचा नंबर वाढलेला, गुडघे कुरकुरायला लागलेले, तरी घरात, जिन्यात, फोनवर सगळीकडे ती बेबीच. घरी माणसं दोन. ती आणि तिचे वडील, अण्णा.

अण्णा बस डेपोत टाइमकीपर होते. अडतीस वर्षं कोणती बस किती वाजता सुटली आणि किती मिनिटं उशिरा आली हे लिहून ठेवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर बस गेल्या, घड्याळ राहिलं. तीन वर्षांपूर्वी खुबा मोडला तेव्हापासून ते पलंगावर किंवा पलंगाशेजारच्या खुर्चीवर असत. वॉकर धरून चालता यायचं, पण बरोबर कोणीतरी हवं. ते कोणीतरी म्हणजे बेबी. अण्णांची खोली आणि बेबीची खोली यांच्यामध्ये एक भिंत होती आणि अण्णांच्या हाताशी काठी होती. एकदा ठोकलं तर साधं काम, दोनदा ठोकलं तर तातडीचं, असं दोघांचं ठरलं होतं. अण्णांनी कधी एकदाच ठोकल्याचं बेबीला आठवत नव्हतं.

"काय झालं अण्णा?"

"पंखा एकवर कर."

"आत्ताच तर दोनवर करायला सांगितलंत."

"आत्ता म्हणजे नऊ मिनिटांपूर्वी."

हे असं. कधी पंखा, कधी पडदा, कधी चष्मा कपाळावर असताना चष्मा कुठे आहे. आणि कधी तर काहीच नाही. ती दारात उभी राहिली की अण्णा तिच्याकडे बघायचे, मग खिडकीकडे बघायचे आणि म्हणायचे, "काही नाही. जा."

बेबीचं पोटापाण्याचं कामही असंच तुकड्यातुकड्यांचं होतं. डॉक्टर लोक रोग्याला तपासून झाल्यावर घाईघाईत बोलून ठेवतात, ते ऐकून ती घरी बसून टाइप करायची. टेबलाखाली पायाने दाबायचा एक पेडल होता. दाबला की डॉक्टर बोलायचा, सोडला की गप्प बसायचा. दिवसभर एवढंच, एक वाक्य ऐकायचं, थांबायचं, टाइप करायचं. जगात आपलं ऐकून कोणी गप्प बसत असेल तर ते हे डॉक्टर, असं ती म्हणायची. म्हणायची म्हणजे स्वतःशीच, दुसरं होतं कोण?

गाणं मात्र तिचं स्वतःचं होतं. उतारावरून सुटलेल्या सायकलचं. ब्रेक लागत नाहीत, केस तोंडावर येतायत, आणि सायकलवरच्या मुलीला ब्रेक लागायला नकोच आहेत, असं काहीतरी. शब्द तिचे, चाल तिची, गिटारही तीच वाजवायची. खोलीच्या खिडकीला तिने जुनी गादी उभी करून लावली होती, म्हणजे रस्त्यावरचे हॉर्न आत येणार नाहीत. कपड्यांचं कपाट सताड उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून ती बसायची, म्हणजे आवाज घुमत नाही. माईक दुसऱ्याने वापरून झालेला घेतला होता आणि तो इस्त्रीच्या टेबलाला कापडी पट्टीने बांधला होता. दिसायला हे सगळं एखाद्या आजारी बाईचं सामान वाटे, पण त्यातून आवाज मात्र स्वच्छ यायचा.

आणि मग ती एक ओळ गायची. एकच. स्पेसबार दाबायचा, हेडफोनमध्ये तालाचे चार ठोके ऐकायचे, बारा सेकंदांची ओळ गायची, पुन्हा स्पेसबार दाबून थांबवायचं, एका कानावरचा हेडफोन सरकवून भिंतीकडे कान द्यायचा. काठी वाजली नाही तर पुढची ओळ. वाजली तर अर्धी ओळ पुसून टाकायची आणि पंखा एकवर करायला जायचं.

अशा ओळी साठत गेल्या. तिसरी ओळ, टेक सतरा. सातवी ओळ, टेक एकतीस. त्यातल्या चांगल्या निवडून ती एकमेकांना जोडायची, आणि जोडण्यात तिचा हात असा काही बसला होता की सांधा कुठे आहे हे नंतर तिलाही सापडायचं नाही. ओळीच्या आधीचा श्वास ऐकू यायचा तोही ती कापून टाकायची, कारण तो दर वेळी वेगळा यायचा आणि चोरी उघडी पडायची. शेवटी गाणं तयार झालं ते इतकं सलग, इतकं घरंगळत जाणारं, की ऐकताना तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. तिने ते इंटरनेटवर टाकलं. एकशे बारा लोकांनी ऐकलं. त्यातला एकशे बारावा माणूस म्हणजे वाचनालयाच्या बाई.

वाचनालय पंधरा मिनिटांच्या अंतरावर होतं. वरच्या मजल्यावर साठ खुर्च्यांचा हॉल होता आणि महिन्यातून एका शनिवारी दुपारी तिथे नव्या लोकांना गायला बोलवत. बाईंनी लिहिलं होतं, "गाणं फार आवडलं. पण स्पष्ट लिहिते, राग मानू नका. आजकाल कॉम्प्युटरवर कोणीही गातं. गेल्या खेपेला एकांना बोलावलं आणि त्यांना दोन ओळी धड म्हणता येईनात, आमची शोभा झाली. तेव्हा कॅमेरा सुरू ठेवून, गिटार वाजवत, कुठेही न कापता एकदा म्हणून पाठवा. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत. मग शनिवारचं नक्की करू."

बेबीने ते पाच वेळा वाचलं. तिला गायिका वगैरे व्हायचं नव्हतं, तो विचार तिने कधीच सोडून दिला होता. तिला हवी होती ती शनिवारची दुपार. एकटीने जिना उतरायचा, पंधरा मिनिटं चालायचं, कोणी हाक मारणार नाही अशा जागी चार मिनिटं गायचं आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायचं. एवढंच. पण ते एवढंच तिला इतकं हवं होतं की बाईंना तिने लगेच "पाठवते" असं लिहून टाकलं.

घोडं अडलं ते पहिल्याच संध्याकाळी. तिने गिटार घेतली आणि आपलंच गाणं सलग म्हणायला गेली, तर ते म्हणताच येईना. दुसऱ्या ओळीचा शेवटचा सूर अजून लांबतोय तोवर तिसरी ओळ सुरू होत होती. श्वास घ्यायला जागाच नव्हती, कारण सगळे श्वास तिनेच कापून फेकून दिले होते. गिटारचंही तेच, एक कॉर्ड हातात धरलेली असताना दुसरी वाजायला हवी होती. हे गाणं म्हणायचं तर दोन बेब्या लागल्या असत्या, आणि या घराला एकच पुरत नव्हती.

मग तिने गाणं थोडं सैल केलं. श्वासाला जागा ठेवली, दोन सूर तोडले, कॉर्ड सोप्या केल्या. भांडी घासताना, अण्णांना सूप भरवताना मनात तेच. बुधवारपर्यंत गाणं घशात बसलं. आता हवी होती फक्त काठी न वाजणारी चार मिनिटं.

तिने दादाला फोन केला. दादा म्हणजे थोरला भाऊ, दोन तासांच्या अंतरावर राहणारा आणि दर रविवारी फोनवरून सल्ला देणारा.

"गुरुवारी दुपारी येशील का? दोन तास. फक्त अण्णांपाशी बसायचंय."

"गुरुवारी? अगं, कामाच्या दिवशी कसं जमेल? काही विशेष आहे का?"

"एक गाणं रेकॉर्ड करायचंय."

दादा अगदी हळू आवाजात म्हणाला, "बेबी, गाणं ठीक आहे. पण मागच्या खेपेचं विसरू नकोस, एवढंच."

ती विसरली नव्हती. तीन वर्षांपूर्वी अण्णा न्हाणीघरात घसरले तेव्हा ती याच खोलीत होती, दोन्ही कानांवर हेडफोन, दार बंद, डोळे मिटलेले. गात होती. तेव्हा ती सलग गायची, एकामागून एक, पुन्हा पुन्हा. अण्णा चाळीस मिनिटं ओल्या फरशीवर पडून होते आणि तिला हाका मारत होते. त्यांनी तिला त्याबद्दल कधी एका शब्दाने बोल लावला नाही. हॉस्पिटलातून आल्यावर दोन दिवसांनी तिने रेकॉर्डिंग ऐकलं, तर तिच्या आवाजाच्या खाली, खूप लांबून, "बेबी, बेबी" ऐकू येत होतं. फाइल तिने पुसली. पुसून काय होतं म्हणा. काठी अण्णांच्या हाताशी तिनेच आणून ठेवली होती.

शेवटी धावून आल्या त्या वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. निवृत्त झाल्या होत्या, पण सवय जात नव्हती. जिन्यात कोणी खोकलं तरी दार उघडून बघायच्या. गुरुवारी त्यांचा पुतण्या गाडी घेऊन येणार होता.

"अण्णांचे डोळे कधी तपासलेत? दीड वर्ष झालं ना? मी नेते. दोनला निघतो, साडेचारला परत. तू घरी राहा, नाहीतर दवाखान्यात आपण दोघी मिळून त्यांचं डोकं खाऊ."

दोनला पाच कमी असताना अण्णा निघाले. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्यांची मान मागे वळलेली होती. बेबीने हात हलवला, दार लावलं, आणि घर एकदम गप्प झालं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात ती एकटी होती. आनंदाने तिने स्वयंपाकघरात उगाच एक गिरकी घेतली, गुडघ्याने लगेच समज दिली.

मग ती खोलीत गेली. कॅमेरा लावला, माईक नीट केला, गिटार जुळवली, रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिली ओळ सुरेख लागली. ओळ संपली आणि तिचा उजवा हात तारा सोडून स्पेसबारवर गेला.

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली आणि हसली. सवय. पुन्हा सुरू केलं. पहिली ओळ, आणि पुन्हा हात स्पेसबारवर. तिसऱ्यांदा तिने लॅपटॉप हात पोचणार नाही इतका लांब सरकवला. हात गेला नाही, पण गळा थांबला. बारा सेकंद झाले की आवाज आपोआप बंद, आणि मान भिंतीकडे. भिंतीपलीकडे कोणी नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, तिनेच त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या होत्या. तरी कान टवकारलेलेच. सहाव्यांदा ती दुसऱ्या ओळीच्या मध्यावर पोचली, आणि तिला खात्रीच झाली की कोणीतरी हाक मारली. गिटार ठेवून ती धावत अण्णांच्या खोलीत गेली. पलंग रिकामा, चादर तिने घडी घातली होती तशीच. न्हाणीघरात जाऊन बघितलं. फरशी कोरडी.

ती परत आली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा उठून गेली. सव्वा तीनपर्यंत तिने सव्वीस वेळा गाणं सुरू केलं आणि अकरा वेळा रिकामा पलंग बघून आली. सव्विसाव्या खेपेला ती पलंगापाशीच खाली बसली आणि तिला स्वतःची अशी काही चीड आली की ज्याचं नाव ते. इतके दिवस ती मनातल्या मनात अण्णांना दोष देत आली होती. काठी थांबू दे, मग बघा मी कशी गाते. आता काठी दारामागे उभी होती, माणूस तीन मैलांवर होता, आणि बेबीला दोन ओळी सलग म्हणता येत नव्हत्या. वाचनालयाच्या बाई ज्यांच्याबद्दल लिहीत होत्या त्यांतलीच ती एक.

साडेचारला पाच मिनिटं बाकी असताना अण्णा परत आले. खूश होते. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं घड्याळ तीन मिनिटं मागे होतं आणि ते त्यांनी तिघांना सांगितलं होतं.

"तुझं झालं का काम?" नर्सबाईंनी दारातूनच विचारलं.

बेबीने नुसती मान हलवली. तिचा अर्थ हो-नाही कसाही लावता आला असता. नर्सबाई वर गेल्या.

अण्णांना खुर्चीत बसवून, चहा देऊन ती खोलीत आली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पन्नास मिनिटं उरली होती. ती बसली न बसली तोच भिंतीवर दोनदा ठोकलं.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. तिने लॅपटॉप बगलेत मारला, इस्त्रीचं टेबल माईकसकट फरफटत ओढलं, गिटार घेतली आणि सगळी वरात अण्णांच्या खोलीत आणून आदळली. अण्णा बघतच राहिले.

"हे काय?"

"मला गाणं म्हणायचंय. चार मिनिटं. चार मिनिटं तुम्ही तोंडातून ब्र काढायचा नाही. पाणी नाही, पंखा नाही, काही नाही. जमेल?"

ती अण्णांशी असं कधी बोलली नव्हती. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग मनगटावरचं घड्याळ सोडून तळहातावर ठेवलं आणि ताठ बसले, जसे डेपोत बसत असतील.

"चार मिनिटं म्हणजे चार," ते म्हणाले. "सुरू कर."

तिने लॅपटॉपचा कॅमेरा सुरू केला, खोली एवढीशी की त्यात कडेला अण्णाही येत होते, आणि गाणं सुरू केलं. पहिली ओळ गेली. हात तारांवरच राहिला. दुसरी गेली, तिसरी गेली. कान कुठेच गेले नाहीत, कारण जायचं कुठे? ज्याच्यासाठी ते भिंतीला चिकटलेले असायचे तो माणूस समोर बसला होता, सुखरूप, कोरडा, श्वास घेणारा, तळहातावरच्या घड्याळाकडे बघणारा. उतारावरची सायकल सुटली. मधे एकदा सूर थोडा कापरा आला, एकदा चष्मा घसरला, पण ती थांबली नाही. शेवटच्या कडव्याला ती डोळे उघडे ठेवून गात होती आणि आपण सलग गातोय हे तिला गाता गाताच कळत होतं. तीन वर्षांत इतकी मोकळी ती कधी झाली नव्हती.

शेवटची कॉर्ड विरली.

"चार मिनिटं अकरा सेकंद," अण्णा म्हणाले. "उशीर झाला." मग जरा थांबून म्हणाले, "पण मधे कुठे थांबली नाहीस."

बेबीला हसू आलं. अण्णांनी घड्याळ परत मनगटावर बांधायला घेतलं. बकल लागत नव्हतं, तिने उठून लावून दिलं.

"रोज इथेच म्हणत जा," ते म्हणाले. "तू दिसलीस म्हणजे मला ठोकावं लागत नाही. तिकडे तू दार लावतेस ना, मग मला वाटतं, आता आपल्याला काही झालं तर..."

सगळं कॅमेऱ्यात आलं होतं, शेवटचं हेसुद्धा. कापायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून तिने काही कापलं नाही. सहाला बारा कमी असताना पाठवून दिलं.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. ती डॉक्टरांचं एक वाक्य अर्ध्यावर थांबवून वाचायला लागली.

"शनिवारी चार वाजता नक्की या. गाणं सुंदर झालंय. आणि तुमचे वडील! आम्ही ऑफिसात सगळ्यांनी तीनतीनदा पाहिलं. त्यांना घेऊनच या. लिफ्ट आहे, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते. ते घड्याळ घेऊन समोर बसलेले असले की बघा, लोक उभे राहून टाळ्या वाजवतील."

बेबी वाचता वाचता थांबली. नर्सबाईंना शनिवारी तीन ते सहा अण्णांपाशी बसायला तिने सांगून ठेवलं होतं. कोणता कुर्ता घालायचा हेही ठरलं होतं, कोणत्या रस्त्याने जायचं आणि कोणत्या लांबच्या रस्त्याने परतायचं तेसुद्धा. तिने लिहायला घेतलं. "धन्यवाद. वडिलांची तब्येत बरी नसते, त्यांना जमणार नाही. मी एकटीच येईन." वाचून बघितलं. खोटं नव्हतं, अगदी खरंही नव्हतं. पाठवायला बोट उचललं.

आणि तिला तो हॉल दिसला. साठ खुर्च्या, पहिल्या रांगेत अनोळखी माणसं. ती पहिली ओळ म्हणते आणि बारा सेकंद होतात. मान वळते. तिकडे भिंत नाही, अण्णा नाहीत, ते पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत, आणि साठ माणसं वाट बघतायत की या बाईचं पुढे काय झालं.

पलीकडून काही आवाज नव्हता. दोन्ही खोल्यांची दारं आज उघडी होती आणि अण्णांना तिची पाठ दिसत होती. शेवटी तिने लिहिलेलं एकेक अक्षर करून मागे पुसलं आणि नवीन लिहिलं.

"वडील येतील. खुर्ची पहिल्याच रांगेत ठेवा, मला अगदी समोर दिसतील अशी."

पाठवलं, आणि तिला हायसं वाटलं. खरोखर, छातीवरचा दगड उतरावा इतकं हायसं वाटलं. मग आपल्याला हायसं का वाटलं हे तिच्या ध्यानात आलं, आणि अण्णांना दिसू नये म्हणून मागे न वळता ती रडली. रडून झाल्यावर तिने पेडल दाबला, आणि डॉक्टर पुढचं वाक्य बोलू लागला.